सगळे डबे सारखेच

"एक शब्द बदलायचा, बस!" जावईबापू चुटकी वाजवून म्हणाले. "अख्खा डबा बदलतो, आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही!"

जावईबापू प्रोग्रामर. त्यांची बायको दातांची डॉक्टर. तिच्या नव्या दवाखान्याचा आज पहिला दिवस, आणि पेशंटचे नंबर लावायचं काम नवऱ्याने हट्टाने अंगावर घेतलेलं. दाराशी एक टॅब्लेट. पेशंटने त्यावर नाव आणि फोन नंबर टाकायचा आणि बाकावर बसायचं. आतून डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं की भिंतीवरच्या पडद्यावर पुढचं नाव झळकणार. मधल्या वेळात ही नावं ज्यात राहणार, तो डबा म्हणजे जावईबापूंचा जीव की प्राण!

"याला दोनच हुकूम कळतात," ते बायकोला समजावत होते. "घाल आणि काढ. आत रांग बसव, चळत बसव, नाहीतर झोळी बसव. हुकूम तेच! सध्या मी चळत बसवली आहे. सगळ्यात चपळ!"

"चालवून पाहिलंस ना?"

"शंभर वेळा! माझं नाव घातलं, माझंच नाव बाहेर आलं!"

एकटाच माणूस आत घातला तर तोच बाहेर येणार, दुसरा येणार कुठून? पण हा विचार त्या घटकेला दोघांच्याही मनात आला नाही. बायको हात धुवायला गेली.

दार उघडताच पहिले आले सासरे. निवृत्त कवायतमास्तर. दाढ ठणकत होती, गाल टम्म फुगला होता. सोबत सासूबाई. "आलेच आहे तर मीही दात दाखवते," म्हणून त्यांनीही नाव टाकलं. घरात फोन एकच, त्यामुळे दोघांचा नंबरही एकच.

"बाबा, तुम्ही सरळ आत जा ना," जावईबापू म्हणाले.

"मुलीचा दवाखाना आहे म्हणून घुसायचं? रांग म्हणजे रांग!" सासरे ताठ बसले. 'दिवसभर खुर्चीत बसतात, त्याला काम म्हणत नाहीत,' असं त्यांचं जावयाबद्दल जाहीर मत होतं. आज त्यांच्या तोंडून एक 'शाबास' काढायची, एवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप!

डॉक्टरीणबाई हत्यारं लावत होत्या तोवर बाक भरला. मग घंटी वाजली. पडद्यावर नाव आलं ते आत्ताच धापा टाकत आलेल्या एका बाईंचं. त्या आत गेल्या. पुन्हा घंटी. या खेपेला नंबर लागला त्यांच्याही मागून आलेल्या शिंप्याचा. सासऱ्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा जावयाकडे.

"असेल काहीतरी तातडीचं," जावईबापू घाम पुसत म्हणाले.

"तातडीचं कसलं!" एक टॅक्सीवाला उसळला. "जो शेवटी येतो तो आधी आत जातोय! बघत बसलोय मी मघापासून!"

जावईबापूंनी कपाळाला हात लावला. चळत! वरची ताटली आधी उचलायची, आणि तळाची ताटली म्हणजे सासरे!

तेवढ्यात टॅक्सीवाला हुशारीने बाहेर गेला, आत आला आणि नव्याने नाव टाकून बसला. पण त्याचं पाहून बाकीचेही उठले! एक बाहेर, दोन आत, तीन बाहेर! दारात ही झुंबड! ज्याने युक्ती काढली तो टॅक्सीवाला पुन्हा खाली दबला.

"बाबा, तुम्हीही एकदा बाहेर जाऊन या ना," जावईबापू कानाशी लागले.

"असली लबाडी मी जन्मात केली नाही!" सासरे गाल धरून गरजले.

आणखी एक पंचाईत. आता बहुतेकांचं नाव डब्यात तीन-तीनदा होतं. दात काढून घरी गेलेल्यांनाही पडदा पुन्हा हाक मारत होता! जावईबापूंनी लॅपटॉप मांडीवर ओढला. "हात्तिच्या! झोळी बसवतो. झोळीत एका फोन नंबरचा एकच माणूस राहतो. एक शब्द..."

डबा बदलला की आतलं सगळं सांडत असे, म्हणून सगळ्यांनी पुन्हा नावं टाकली. झोळीला मागचा-पुढचा काही कळत नव्हतं, हाताला लागेल ते नाव ती बाहेर काढी. तीन मुलांना घेऊन आलेल्या आईला एकदाच हाक आली. मुलांची नावं गायब! पाठोपाठ सासूबाईंचं नाव झळकलं. त्या लगबगीने आत गेल्या आणि हसत बाहेर आल्या. "किती हलका हात आहे हो पोरीचा!"

"आणि माझं नाव?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, फोन नंबर एकच आहे ना, त्यामुळे डब्याच्या हिशेबी तुम्ही आणि आई आता एकच आहात."

"इतकी वर्षं संसार केला, हे मला आज कळतंय!"

जावईबापूंना आता काहीच सुधरेना. डबा तोच, हुकूम तेच, मग हा गोंधळ येतो कुठून? शेवटी त्यांनी मुकाट्याने साधी रांग बसवली आणि पडेल आवाजात सांगितलं, "माफ करा, पुन्हा एकदा नावं टाका."

माणसं टॅब्लेटवर तुटून पडली. ते पाहून सासऱ्यांमधला कवायतमास्तर जागा झाला. "ढकलू नका! एकेक! सरळ उभे राहा!" दुखरी दाढ विसरून त्यांनी सगळ्यांना शिस्तीत पुढे सोडलं आणि सर्वांत शेवटी स्वतःचं नाव टाकलं.

पहिली घंटी. ज्याने आधी नाव टाकलं तो आधी आत! दुसरी घंटी. पुन्हा बरोबर! जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांची नजर सासऱ्यांकडे गेली. सकाळी ते पहिले आले तर चळत होती, आणि आता शेवटचे आहेत तर रांग! गालाचा पार भोपळा झाला होता.

सासऱ्यांनी खुणेने जवळ बोलावलं. इकडेतिकडे पाहिलं. "जावईबापू," ते हळूच म्हणाले, "ते सकाळचं परत बसवता येईल का हो?"

एवढ्या करारी माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहून जावईबापूंना भडभडून आलं. त्यांनी शब्द बदलला. डबा सांडला. पडदा कोरा.

"पुन्हा नावं टाका," ते पुटपुटले.

टॅक्सीवाल्याने सासऱ्यांची कुजबुज ऐकली होती. "सकाळचं परत लागलं रे! शेवटचा तो आधी!" तो ओरडला. सगळे टॅब्लेटभोवती जमले, पण बोट कुणी लावेना!

"आधी तुम्ही!"

"छे छे, तुम्ही वडीलधारे, आधी तुम्ही!"

दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "किती वेळ बटण दाबतेय! पेशंट संपले का?" मग त्यांना वडिलांचा गाल दिसला. "बाबा! आधी आत चला!"

"पण माझा नंबर..."

"कोणाचाच नंबर नाही. पडदा बघा, कोरा आहे."

सासऱ्यांनी पडदा नीट पाहिला. नंबरच नाही म्हणजे कोणाचा मोडतही नाही! ते उठले आणि दाराशी थांबून मागे वळले. "जावईबापू, रिकामा असला की तुमचा कुठलाही डबा अगदी उत्तम चालतो हो!"

सगळा दवाखाना हसला. जावईबापूंचा चेहरा मात्र उजळला.

"ऐकलंत ना?" ते टॅक्सीवाल्याचा हात धरून म्हणाले. "बाबांना पटलं!"