कोऱ्या जागेवरच्या तिरक्या रेघा

चोवीस वर्षांचा झाला, कंपनीत कामाला लागला, पण ओमला काही विचारलं की तो भिंतीकडे बघायचा. नवसाबाईची ही तक्रार आजची नव्हती. "कालवण कसं झालंय?" भिंत. "पोरगी बघायला जायचं का?" पुन्हा भिंत.

"या घरात माझ्याशिवाय बोलतं कोण? एक रेडू, अन् त्याचेबी सेल संपलेत!" ती म्हणायची.

दोष बियाण्याचा होता. नवरा खंडेराव लग्नात नाव घ्यायच्या वेळी नुसतं "नवसाबाई" म्हणून मोकळा झाला होता. उखाणा त्यानं जो गिळला, तो पस्तीस वर्षं पोटातच होता.

अशात अठ्ठ्याण्णव साली ओमनं गिटार आणली. सुट्टीच्या दिवशी तो देवळाली कॅम्पात, पूर्वी बँडमध्ये वाजवणाऱ्या म्हाताऱ्या सरांकडे जॅझ शिकायला जाऊ लागला. घरी तो रोज एकच गाणं घोटायचा. नवसाबाईला त्या गाण्याचं वावडं नव्हतं. मखमलाबादच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधता बांधता ते तिलाही पाठ झालं होतं. पण झकास चाललेलं गाणं मध्यावर आलं की ओमचे हात थांबायचे. तो पायानं नुसता ठेका धरायचा, भिंतीकडे बघायचा आणि बऱ्याच वेळानं शेवटची ओळ उचलायचा.

"मधलं कुठं गेलं रं? उंदरांनी खाल्लं?"

भिंत.

एरवी तिनं सोडून दिलं असतं. पण येत्या रविवारी सरांच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता आणि नवसाबाईनं भाजीबाजारातल्या झाडून साऱ्या बायकांना आवतण दिलं होतं. शेजारच्या मळ्यातल्या लंकाबाईनं तर ट्रंकेतली ठेवणीतली साडी बाहेर काढली होती. भर सभेत पोरगं असं मुकं बसलं, तर उद्या बाजारात पाटी कुठल्या तोंडानं मांडायची?

शेवटी तिनं गिटारच्या पिशवीतून गाण्याचा कागद काढला. शाळा दुसरीपर्यंतची, तरी एवढं कळलं की वर काळ्या मुंग्यांची रांग आहे, खाली आहे, आणि मधल्या चार ओळी कोऱ्या. कोऱ्यासुद्धा नाहीत. त्यांवर तिरक्या रेघा ओढलेल्या.

या रेघा ती चांगल्या ओळखत होती. मार्केट यार्डात आडत्या विकलेल्या मालाची हिशेबपट्टी लिहून द्यायचा, तेव्हा खाली उरलेल्या जागेवर अशीच तिरकी रेघ मारायचा. इथं आता कुणी काही लिहायचं नाही, विषय बंद.

तिनं लंकाबाईच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीला, हर्षालीला, कागद दाखवला. "मावशी, मला यातलं काही कळत नाही," हर्षाली म्हणाली, "पण मधे काहीच लिहिलेलं नाहीये. नुसत्या रेघाच आहेत."

"खोडलाय गं ओमला!" लंकाबाईनं कपाळावर हात मारला. "मधला भाग दुसऱ्या कुणाला दिला आसंल. गरिबाचंच खोडत्यात."

शनिवारी, ओमच्या सुट्टीच्या दिवशी, सिटी बसमधून तिघी देवळालीला उतरल्या. पुढे नवसाबाई, मागे लंकाबाई, आणि भांडण होणार हे ऐकून स्वखुशीनं आलेली बाजारातली सखुबाई.

सरांच्या व्हरांड्यात ओम गिटार मांडीवर घेऊन बसला होता. आईला बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी याची आई," नवसाबाईनं कागद सरांपुढे धरला. "माझं पोरगं काय निबर गवार हाय, मधूनच खुडून टाकायला? आख्खं गाणं शिकवतो म्हणले, अन् ऐन मोक्याच्या जागी रेघा मारून बंद?"

सरांनी कागद बघितला, तिच्याकडे बघितलं. "बाई, बंद नाही केलं. ती जागा त्याचीच आहे. या संगीतात मधलं कुणी लिहून देत नसतं. त्या वेळी मनात येईल ते ज्यानं त्यानं वाजवायचं. रेघा फक्त ठेका मोजायला. सहा महिने सांगतो, ओम, बोल. हा बोलतच नाही."

लंकाबाईनं एकदम पदर सारखा केला. सखुबाईला बाहेरची बोगनवेल फार आवडली. पण माघार घेईल ती नवसाबाई कसली? तिनं फक्त तोंड ओमकडे फिरवलं.

"म्हंजे सरांनी आख्खं रान मोकळं दिलं, अन् तू बांधावर बसून राहिला?"

सरांनी हळूच दुसरी गिटार उचलून खालून सूर धरला. "बोला बाई, थांबू नका. ओम, ऐक."

"लंकाबाईनं साडी काढलीय! ठेवणीतली काढलीय! नुसती काढली नाय, इस्त्री केलीय, इस्त्री!"

"ऐकलंस? एकच गोष्ट तीनदा, पण एकदाही तशीच नाही," सर ओमला म्हणाले. नवसाबाई श्वास घ्यायला थांबली. तेवढ्या फटीत ओमच्या गिटारवर तीन बारीक सूर उमटले. कुणी दबकत "अगं, पण..." म्हणावं तसे.

"काय म्हणला?"

सूर पुन्हा आले, जरा लांबून, जरा जोरात. ओम भिंतीकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. तिनं आवाज चढवला, गिटारही चढली. ती थबकली की गिटार तिचंच बोलणं उचलून भलतीकडे न्यायची.

"अगंबाई," सखुबाई कुजबुजली, "ह्यो तर भांडतोय!"

चार ओळी गेल्या, आणखी चार गेल्या. मग गिटार हळूहळू खाली उतरली. लहानपणी मार खाल्ल्यावर ओम मागून येऊन गुपचूप तिच्या पदराचं टोक धरायचा, तशी. आणि शेवटची ओळ आपसूक येऊन मिळाली.

ओमनं मान खाली घातली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आईला उलट उत्तर दिलं होतं, तेही चार माणसांत.

नवसाबाईनं पदरानं नाक पुसलं. भांडता भांडता मुठीत चुरगळलेला कागद सरळ करून त्याच्या हातात ठेवला.

"आईला उलट बोलतो, मुडद्या? बरं बोललास. रव्वारी असंच बोलायचं. अन् आता घरी चल, ते बोलकं लाकूड तुझ्या बापाच्या हातात दे. एक उखाणा राहिलाय त्यांचा. पस्तीस वर्सं झाली, वाट बघतीय मी."