पोफळीवरची अटक

"वर गेलास की तू झाडाचा, खाली आलास की माझा. मधी कोणी हाक मारली तर ओ देऊ नको. आनि झाडावरचं बोलणं झाडावरच ठेव."

पोफळीच्या बुंध्याशी उभ्या असलेल्या बापाचा हा आवाज लहानपणी नामाच्या कानात शिरला, तो पुन्हा बाहेर पडला नाही. बाप गेला, वादळात निम्म्या पोफळी गेल्या, आवाज तेवढा राहिला. हाक मारली की झाडावरचा माणूस खाली बघतो, आणि खाली बघितलं की खालीच येतो, हे दिवेआगरच्या वाड्यांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कायद्याला मात्र ते कोणी कळवलेलं नव्हतं.

प्रकरणाची सुरुवात एका नारळापासून झाली. दत्तात्रेयच्या वाडीत पैसे भरून उतरलेल्या पाहुण्यांनी आपली गाडी माडाखाली लावली. माडाने आपला नारळ आपल्या खाली टाकला. गाडीला पोचा आला, आणि माडावर गुन्हा नोंदवता येत नसल्यामुळे तो माडावर चढणाऱ्या नामावर नोंदवण्यात आला. संध्याकाळी दत्तात्रेयने पाहुण्यांना शहाळं पाजलं, पाहुण्यांनी तक्रार मागे घेतली आणि ते गेले. पण तक्रार मागे घेतल्याची खबर चौकीतल्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचायच्या आतच हवालदार विनेश नामाला ताब्यात घ्यायला निघाला होता.

विनेश तळा गावचा, डोंगराकडचा. पोफळ त्याने पानाच्या तबकातच पाहिलेली. वाडीत शिरून त्याने वर तोंड करून नामाला नावाने हाक मारली. नामाने ओ दिली नाही. विनेशने सरकारच्या नावाने हाक मारली. नामाने पायातला फास सैल केला, शेंडा हलवला आणि झोक्यासरशी पुढची पोफळ धरली. सुपारी अशीच काढतात, दर झाडाला खाली उतरत बसलं तर पाडा उरकायचा कधी? पंचनाम्यात मात्र आरोपी 'झाडांच्या माथ्यांवरून पसार होऊ लागला' अशी नोंद झाली. वादळानंतर पोफळी विरळ झाल्या होत्या, त्यामुळे झोका लांब घ्यावा लागे. त्या लांबीचा उल्लेख सरकारी वकिलांनी पुढे 'पूर्वतयारी' असा केला.

एव्हाना खाली अख्खी आळी जमली होती. दत्तात्रेय माडीवर उभा होता. झाडावरच्याला हाक मारू नका, हे हवालदाराला सांगण्याचं काम प्रत्येकाने शेजाऱ्यावर सोपवलं. सगळ्यांच्या हातात मोबाइल होते, त्यामुळे हात मोकळा कोणाचाच नव्हता.

शेवटी विनेश कर्तव्याला जागला. बूट काढून तो पोफळीवर चढला. अर्ध्यावर गेल्यावर वारा सुटला, पोफळ डोलू लागली, आणि विनेशने डोळे मिटून खोडाला जी मिठी मारली ती सुटेना. तो वर काहीतरी बोलला. नामाने ते ऐकलं. शेजारच्या झाडावरून झोका घेऊन तो आला, विनेशला कमरेला धरलं आणि बाळाला पाळण्यातून उचलावं तसं अंगाशी घेऊन खाली उतरवलं. मग कोयती खाली ठेवून म्हणाला, "चला, कुठं यायचंय?"

इथे मूळ गुन्हा संपला आणि खरा गुन्हा सुरू झाला. कायदेशीर अटकेस प्रतिकार, आणि अटक करणाऱ्याच्या अंगाला हात.

नामाला तुरुंगाचं फारसं भय नव्हतं. भय होतं दाखल्याचं. पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी वाडीमालकांनी नुकतंच ठरवलं होतं की, यापुढे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला असेल त्यालाच झाडावर चढू द्यायचं. शिक्षा झाली तर दाखला नाही, दाखला नाही तर झाड नाही, आणि झाड नसलेला नामा कसा असतो हे खुद्द नामालाही माहीत नव्हतं. त्याची बायको कृष्णाबाई सुपारी सोलताना गायची:

*पोफळ गं बाई उंच, तिचा शेंडा आभाळात,*
*धनी माझा झुलतो, जीव माझा पदरात.*

खटला उभा राहिला तशी ती गाईनाशी झाली.

नामाची वकील होती बिल्किस, बोर्लीच्या मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिने नामाला परोपरीने विनवलं. "नामाकाका, वर हवालदार काय बोलला तेवढं सांगा. बाकी मी बघते."

"ते झाडावरचं हाय, बाय."

"काका, इथे तुमचं झाड जायची वेळ आलीय."

"म्हणून तर. खाली आणलं तर झाड मला घेईल व्हय पुन्ना?"

मग बिल्किसने साक्षीदार शोधले. दत्तात्रेय म्हणाला, त्या दिवशी मी गावात नव्हतो. शेजारी म्हणाले, आम्हीही नव्हतो. ज्याचा व्हिडिओ गावभर फिरला होता तो म्हणाला की, मोबाइल गावात असेल, मी नव्हतो. एवढं ओस पडलेलं गाव वादळाच्या दिवशीही कोणी पाहिलं नव्हतं.

राहिला विनेश. पिंजऱ्यात उभ्या विनेशला बिल्किसने विचारलं, वर तुम्ही आरोपीला काय म्हणालात? विनेशने आधी चौकीच्या साहेबांकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे, आणि आठवत नसल्याचं सांगितलं. नामा त्याच्याकडे बघत होता. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच विनेशला सोसेना.

निकाल सविस्तर होता. मूळ तक्रार मागे घेतलेली असल्यामुळे आरोपीला अटक टाळण्याचं काहीच कारण नव्हतं. तरीही त्याने ती टाळली, ही बाब अधिक गंभीर. फिर्यादी हवालदार सुखरूप खाली आला, यावरून आरोपीने त्याला किती घट्ट धरलं होतं ते दिसतं. हेतू चांगला असता तर आरोपीने तो सांगितला असता. न सांगितलेला हेतू न्यायालयाला विचारात घेता येत नाही. तथापि आरोपीचं वय आणि हा पहिलाच गुन्हा लक्षात घेता दया दाखवून, कोर्ट उठेपर्यंत कैद.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एवढीच ना शिक्षा, दत्तात्रेय म्हणाला, बसायचं तर आहे. गावात नसलेले सगळेच त्या दिवशी कोर्टात होते. चढायला नवा माणूस आपण बघितला आहे, हेही त्याने जाता जाता सांगून टाकलं.

नामा मागच्या बाकावर बसला. पहाऱ्याला शेजारी विनेश. जन्मभर उंच झुललेला माणूस जमिनीलगत अवघडून बसला होता. दुपारी न्यायाधीशसाहेब जेवायला उठले, तसा कोर्ट उठलं समजून नामाही उठला. विनेशने चटकन त्याला कमरेला धरलं आणि खाली बसवलं. याचा गुन्हा कुठे नोंदला गेला नाही.

पण विनेशचा हात तिथेच राहिला. संध्याकाळी कोर्ट उठलं, टंकलेखनाच्या यंत्रावर खोळ चढली, लोकांना एसटी दिसली आणि लोक एसटीकडे वळले. नामा उठला. विनेश उठला नाही.

"नामादादा," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "वर मीच म्हटलं होतं. मला धर, सोडू नको, घरी माझी आई एकटी आहे."

कोर्ट उठलं होतं, त्यामुळे हे कुठेच नोंदलं गेलं नाही. ऐकलं ते आपण. आणि उद्या बिल्किसने वरच्या कोर्टात साक्षीला बोलावलं तर आपणही सांगूच की, त्या दिवशी आम्ही गावात नव्हतो.