मीटरकाकांचा हिरवा नकाशा

"त्या मोबाईल कंपनीला नाक मुठीत धरून माझ्या दारात आणलं नाही, तर नावाचा मीटरकाका नाही!"

ही प्रतिज्ञा ऐकून काकूंनी कपड्यांच्या घड्या घालता घालता फक्त एक सुस्कारा सोडला. कारण मीटरकाका हे मुळात त्यांचं नाव नव्हतंच. पण एकतीस वर्षं घरोघरी विजेच्या मीटरचं रीडिंग घेऊन निवृत्त झालेल्या माणसाला गल्ली दुसरं काय म्हणणार?

काकांच्या रागाला कारणही तसंच होतं. एकुलती एक लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा आणि काका पावणेदहापासूनच खिडकीजवळच्या खुर्चीत जय्यत तयार असायचे.

"नव्या घरातला मेन स्विच कुठे आहे, बघून ठेवलास का?"

"हो बाबा."

"आणि अर्थिंग? तपासून घेतलंस? नाही ना! मला वाटलंच. आता मी सांगतो ते लिहून घे. मुद्दा पहिला..."

"हॅलो? बाबा? आवाज तुटतोय तुमचा... तुमच्याकडे रेंज नाहीये वाटतं..."

आणि फोन बंद! तीन मिनिटांच्या पुढे काही गाडी जात नसे. मग काका उरलेला रविवार फोनकडे बघत काढायचे. आठवड्यातून एकदा लेकीचा आवाज ऐकायला मिळणार, आणि तोही धड नाही, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

त्यांनी कंपनीला फोन केला. पलीकडून गोड आवाज आला, "सर, आमच्या नकाशाप्रमाणे तुमच्या भागात रेंज फुल आहे."

"तुमच्या नकाशात असेल हो, माझ्या खुर्चीत नाही!"

शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने उपाय सुचवला. कंपनीचा नकाशा कंपनी काढते, पण साध्यासुध्या लोकांनी मिळून काढलेलाही एक नकाशा असतो. फोनमध्ये एक फुकटचं ॲप घ्यायचं आणि हिंडायचं. कुठे किती रेंज मिळते ते ॲप आपलं आपण टिपून ठेवतं. मग ती सगळी माहिती चढवली की नकाशावर ठिपके उमटतात. हिरवा म्हणजे झकास, पिवळा म्हणजे बरा आणि लाल म्हणजे नुसती बोंब.

"आणि हा नकाशा बघायला कोणाची परवानगी?"

"कोणाची नाही, काका. खुला आहे. जगात कोणीही, कुठूनही बघावा."

"म्हणजे आता लपवालपवी बंद!" काकांनी मांडीवर थाप मारली. हे वाक्य पुढे त्यांनाच भोवणार होतं.

त्याच दिवशी कंपनीच्या नावे तक्रारीचा अर्ज लिहून काका सह्यांना निघाले. आणि काय सांगावं, गल्लीने त्यांना डोक्यावरच घेतलं!

"रेंजचं नाव काढू नका, काका!" प्लंबर म्हणाला. "लोक म्हणतात, फोन उचलत नाही. अहो, लागला तर उचलीन ना!"

"सासूबाई धाकट्या दिरांकडून रोज फोन करतात म्हणे," पहिल्या मजल्यावरच्या सूनबाईंनी डोळ्यांत पाणीच काय ते आणायचं बाकी ठेवलं. "पण इथे लागतच नाही हो!"

समोरचे बँकवाले म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी तर आमच्याकडे शून्य रेंज. साहेबांचे फोन येतच नाहीत." हे सांगताना त्यांचा चेहरा जरा जास्तच समाधानी दिसत होता. पण काकांना चेहरे वाचायची सवय नव्हती, त्यांना आकडे वाचायची सवय होती.

पुढचे नऊ दिवस काका फोन हातात निरांजनासारखा धरून हिंडले. जुन्या सवयीने दार वाजवून "रीडिंग!" असं ओरडायचे आणि थेट आत शिरायचे. मोऱ्या झाल्या, माळे झाले, जिन्याखालची अडगळ झाली. एका घरात आजीबाईंनी त्यांना सरळ मीटरसमोर नेऊन उभं केलं आणि बिल फार येतं म्हणून वर चार शब्द सुनावले. काकांनी ती तक्रारही निमूटपणे वहीत टिपून घेतली.

तेवढ्यात सह्यांचा अर्ज पोचून कंपनीने माणूस पाठवायचं कबूल केलं आणि शनिवारी गल्लीची सभा ठरली. माहिती चढवून झाल्यावर दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, सभेआधी नकाशा एकदा डोळ्यांखालून घाला."

"मुळीच नाही! एकतीस वर्षांत मी रीडिंग घेताना बिलाचा विचार केला नाही. आपण आकडा घ्यायचा, निकाल लोकांसमोर. शिस्त म्हणजे शिस्त!"

शनिवारी संध्याकाळी तळमजल्याच्या हॉलमध्ये सगळी गल्ली जमली. सूनबाईंच्या सासूबाई मुद्दाम आल्या होत्या. प्लंबर पहिल्या रांगेत होता. कंपनीने एक तरुण अधिकारीण पाठवली होती, ती वही उघडून कोपऱ्यात गंभीरपणे बसली होती. काकांनी घसा खाकरला.

"मंडळी, आता दूध का दूध आणि पानी का पानी!"

दुरुस्तीवाल्याने टीव्हीवर नकाशा लावला. सगळी गल्ली हिरवीगार! या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोऱ्या आणि माळ्यांसकट. लाल ठिपका औषधालासुद्धा नव्हता!

अधिकारीणबाईने वही मिटली.

"काका," अधिकारीणबाई हळूच म्हणाली, "हा नकाशा आम्ही जाहिरातीत वापरला तर चालेल का?"

मग एकच गलका उडाला. "दोन महिने माझा नळ गळतोय!" मागून एक बाई कडाडल्या. "आणि तुम्ही म्हणे रेंजमध्ये नसता!" प्लंबर खुर्चीतच इतका खाली सरकला की फक्त टक्कल दिसू लागलं. सासूबाईंनी सूनबाईंकडे नुसतं पाहिलं, आणि ते बोलण्यापेक्षा भारी पडलं. बँकवाले काकांचा हात धरून गयावया करायला लागले.

"काका, निदान आमच्या घराचे ठिपके तरी पुसा हो! साहेबांनी बघितलं तर?"

"पुसता येत नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "खुला नकाशा आहे."

पण काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते एकाच ठिपक्याकडे बघत होते. सबंध गल्लीत सगळ्यात गडद हिरवा ठिपका होता तो त्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीचा.

घरी येऊन चपला काढता काढता ते काकूंना म्हणाले, "अगं, लेक तुला फोन करते का?"

"करते की. रोज दुपारी, तुम्ही झोपलात की."

"किती वेळ?"

"होतो अर्धा-पाऊण तास."

"आवाज तुटत नाही?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलावं असं त्यांना क्षणभर वाटलं, पण नकाशा सगळ्या जगासाठी खुला होता. "अर्थिंगचा विषय निघेपर्यंत नाही तुटत," त्या हळूच म्हणाल्या.

रविवारी दहाला फोन वाजला.

"कशी आहेस?" काकांनी विचारलं.

"बरी आहे, बाबा." लेक थांबली. मेन स्विचची वाट बघत असावी. काकांनी मेन स्विच गिळला.

"जेवतेस ना वेळेवर?"

"हो."

आता पुढे काय बोलायचं, ते काकांना सुचेना. अर्थिंग सोडून लेकीशी बोलायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

"हॅलो? आवाज तुटतोय गं तुझा... रेंज नाही वाटतं इथे. ठेवतो."

त्यांनी फोन मांडीवर ठेवला. आपण शहाण्यासारखं वागलो, पोरीला त्रास दिला नाही, असं ते स्वतःला समजावत होते, तोच फोन पुन्हा वाजला.

"बाबा, थापा मारू नका! आईने नकाशा पाठवलाय मला. अख्ख्या गल्लीत तुमचीच खुर्ची सगळ्यात हिरवी आहे!"

काका पकडले गेले. "अगं, मला वाटलं..."

"माझंच चुकलं, बाबा." तिचा आवाज जरा मऊ झाला. "हं, पेन घेऊन बसलेय. सांगा. मुद्दा पहिला?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढली.

बाविसाव्या मुद्द्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं. तेविसाव्याला मात्र लेकीचा आवाज तुटायला लागला. तिच्या बाजूला रेंज नव्हती म्हणे!

काकांनी मुळीच वाद घातला नाही. उठून चपला घातल्या आणि तडक दुरुस्तीवाल्याचं दुकान गाठलं. तिच्या शहराचा खुला नकाशा कोणी काढलाय का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.