दोन ऑक्टोबरची हजेरी

लोकशाही लोकांच्या उपस्थितीवर चालते आणि उपस्थिती रजिस्टरवर चालते. हे एकदा ध्यानात आलं, की माणसांना उगाच घराबाहेर काढायची गरज उरत नाही. मुळशी तालुक्यातल्या एका गावाने हे फार पूर्वीच ओळखलं. (गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारची चार गावं रुसतील, आमचं का नाही घेतलं म्हणून.)

या गावात ग्रामसभा माणसांकडे चालत येते. पंचायतीचे शिपाई नथूमामा रजिस्टर पिशवीत घालून, खिशाला तीन पेनं लावून दारोदार फिरतात. तीन अशासाठी, की शंभर सह्या एकाच शाईत दिसल्या तर वरच्या ऑफिसला शंका येते, आणि वरच्यांना त्रास देणं गावाच्या स्वभावात नाही. कोरम शंभराचा. गेल्या नऊ वर्षांत तो एकदाही कमी पडलेला नाही. सभेच्या सतरंजीची घडीही तेवढीच वर्षं मोडलेली नाही.

याच गावची जुईली कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. राज्यशास्त्रच का, तर सायन्सपुरते मार्क नव्हते, कॉमर्सला जागा नव्हती, आणि पोरगी भांडखोर आहे, हिला हेच शोभेल, यावर घरात एकमत होतं. तिच्या वर्गात एकसष्ट विद्यार्थी. पैकी स्पर्धा परीक्षेची सोय म्हणून आलेले चाळीस, लग्न ठरेपर्यंत आलेल्या बारा, बसच्या पासासाठी आठ आणि राज्यशास्त्र शिकण्यासाठी आलेली एक. विद्यापीठाने एवढी तरतूद एकीसाठी केली, याबद्दल त्याचे आभार मानावे तेवढे थोडे.

वीस मार्कांचा प्रकल्प आला: 'माझ्या गावाची ग्रामसभा'. साठ जणांनी गेल्या वर्षीचा प्रकल्प गावाचं नाव बदलून उतरवला. जुईली मात्र पंचायतीत जाऊन इतिवृत्त मागून बसली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. अभ्यासासाठी इतिवृत्त मागणारं माणूस ते नोकरीत पहिल्यांदाच पाहत होते.

दोन ऑक्टोबर, सकाळी दहा. हजर एकशे सात. विषय क्रमांक चार: नव्या टॉवरांच्या सांडपाणी प्रकल्पाला गायरानातली जागा देणे. 'सखोल चर्चेअंती एकमताने मंजूर.' सूचक, गेणबा. (दोन वर्षांपूर्वी गेणबांची वाचा गेली. तेव्हापासून त्यांनी अकरा ठराव मांडले आहेत.) अनुमोदक, जुईली. खाली तिची सही.

ती जागा जुईलीच्या विहिरीपासून चाळीस पावलांवर होती. त्याच विहिरीवर घर चालत होतं आणि हिंजवडीच्या पोरांना भाड्याने दिलेल्या नऊ खोल्याही. ऐन मे महिन्यात जिचं पाणी आटलं नाही ती विहीर आपण अनुमोदन देऊन बुडवली, हे तिला त्या पानावरून कळलं. तिने पानाचा फोटो काढला आणि तडक घर गाठलं.

"आये, ही सही कुणी केली?"

शारदाबाईंनी भाकरी उलटली. "म्या केली. नथूभाऊ दारात उन्हात उभा, त्याला किती ताटकळत ठिवायचं? तू निजली व्हतीस. सुट्टीच्या दिशी धा वाजता उठवलं आसतं, तर अंगावर आली आसतीस."

"अगं, पण काय लिहिलंय ते वाचायचंस तरी!"

"वाचायला ती काय लग्नपत्रिका हाय व्हय?"

हरकतीची मुदत तीस दिवसांची. अकरा उरले होते. भाऊसाहेब चांगला माणूस. म्हणाले, "घ्या की हरकत. फक्त त्या वेळी तुम्ही दुसरीकडं होता, असा लेखी पुरावा आणा. झोपेचा दाखला पंचायतीत चालत न्हाई."

पुरावा सापडला, आणि तोही सरकारी छापाच्या मस्टरमध्ये. राज्यशास्त्राच्या इंद्रजित सरांकडे ती सल्ल्याला गेली, तेव्हा मस्टर टेबलावरच होता. दोन ऑक्टोबर, सकाळी दहा ते अकरा. तासाचा विषय, 'ग्रामसभा: प्रत्यक्ष लोकशाहीची पाठशाळा'. हजर, एकसष्टपैकी एकसष्ट. त्या दिवशी कॉलेजला सार्वजनिक सुट्टी होती आणि गेटला कुलूप. पण सर महिन्याचा मस्टर एक तारखेलाच एका बैठकीत भरत, तेव्हा सुट्ट्या वेगळ्या काढायचं कुणाच्या लक्षात राहतं? (सगळा मस्टर एकाच पेनाने भरलेला होता. उच्च शिक्षण या बाबतीत पंचायतीच्या मागे आहे.)

म्हणजे एकाच वेळी जुईली पंचायतीच्या मते सभेत, विद्यापीठाच्या मते वर्गात आणि आईच्या मते गोधडीत होती. लोकशाहीला याहून जागरूक नागरिक कुठे मिळणार?

"दाखला देतो मी," सर म्हणाले. "पण सुट्टीत तास कसा झाला, असं कुणी विचारलं तर मस्टर तपासला जाईल. तुझी खरी हजेरी अडतीस टक्के. पंचाहत्तरशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत."

"सर, मी यायचे. तासच व्हायचे नाहीत!"

हे खरंच होतं. सरांची स्वतःची हजेरी सदतीस टक्के होती. उरलेला एक टक्का ती वर्गात एकटीच बसून होती.

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी तासिका तत्त्वावर आहे, जुईली. तीन कॉलेजं करतो, तेव्हा घर चालतं. पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत." माणसाचा राग यावा आणि त्याच वेळी दयाही यावी, यासारखा वैताग नाही.

दहा दिवस तिने रोज हरकतीचा अर्ज लिहिला आणि रोज फाडला. एकीकडे विहीर, एकीकडे तीन वर्षं, सरांची नोकरी आणि आईची सही. अकराव्या दिवशी तिने अर्जाऐवजी प्रकल्प जमा केला: 'लोकसहभाग: एका यशस्वी ग्रामसभेचा अभ्यास'. वीसपैकी एकोणीस पडले. वीस दिले तर वरून चौकशी होते.

पुढचा दोन ऑक्टोबर उजाडला तेव्हा जुईली पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली राज्यशास्त्राची पदवीधर होती. विहिरीच्या पाण्याला वास सुटला होता, नऊपैकी सात खोल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि टॉवरवाल्यांच्या टँकरपुढे शारदाबाई हंडे घेऊन रांगेत होत्या.

नथूमामा दारात आले. "आईची न् तुजी, दोन सह्या टाक, पोरी. ऊन लई हाय."

या वेळी ती जागी होती. तिने विषय वाचला: 'गावास टँकर पुरवल्याबद्दल टॉवरवाल्यांच्या अभिनंदनाचा ठराव'. सूचक गेणबा. तिचा हात क्षणभर थांबला, नथूमामांनी कपाळाचा घाम पुसला, आणि तिने दोन्ही सह्या केल्या. आईची काळ्या पेनाने, स्वतःची निळ्या. तीन वर्षांचं शिक्षण वाया गेलं, असं कोण म्हणेल?

तुम्ही तिच्यावर हसलात, ते ठीकच आहे. तुमच्या गावाची, वॉर्डाची नाहीतर सोसायटीची शेवटची सभा कधी झाली, हे मात्र तुम्हाला आठवत नसेल. काळजी नसावी. तुम्ही हजर होतात, सखोल चर्चेत भाग घेतलात, आणि ठरावाला अनुमोदन तुमचंच आहे.