बिनपायांची जनावरं

आमच्या शेजारचे किसननाना चित्रात गाढवाला चारही पाय काढतात, पण दूध सोसायटीच्या जनावरांना एकही काढत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "कागदावरचीच जनावरं ती. त्यांला कुठं चालायचंय?"

खरंच होतं हो. दुष्काळात सोसायटीनं चारा छावणी उघडली. दावणीला जनावरं मोजकी, रजिस्टरात मात्र अख्खं गोकुळ! नानांनी त्याचंच कॉमिक केलं. गोष्ट त्यांची, चित्रं त्यांची, झेरॉक्स चौसाळ्याची. दाभणानं शिवायचं काम माझं. मग आठवडी बाजारात मिरच्यावाल्याशेजारी पोतं अंथरून विकायला बसायचं.

माझ्या नातवानं एकदा शहरातलं गुळगुळीत कॉमिक आणलं. सगळी माणसं उडणारी. नानांनी चाळलं नि म्हणाले, "उडतंय लई झ्याक. पन हंडा कवा भरतंय?" आणि आमचे नाना? सबंध पान कोरं सोडून कोपऱ्यात एवढासा हंडा काढतात. बघूनच घशाला कोरड पडते. जमेल का हे त्या गुळगुळीत कागदाला?

तर छावणीचं कॉमिक हातोहात खपलं, नि सोसायटीचे चेअरमन नानांच्या दारात उभे. "नाना, ती पुस्तकं चुलीत घाला. न्हाईतर तुमची कपिला छावणीच्या बाहेर."

कपिला म्हणजे नानांची एकुलती गाय. घरात दुसरं माणूस नाही. मला वाटलं, झालं, नमले आता.

नाना म्हणाले, "साहेब, तुमचं नाक जरा बारीक झालतं. म्हनून रागावलात का? फुडल्या बारीला मोठं काढतो."

दुसऱ्या दिवशी स्वतःच छावणीत जाऊन कपिलेचं दावं सोडलं. गेवराईकडं बहिणीच्या गावाला चारा होता. दोन दिवस चालत तिथं नेऊन बांधली. परत आले नि बसले नवा अंक काढायला. चेअरमनचं नाक दोन पानांवर पसरलेलं!

मी हसत हसत शिवत होते, तर गठ्ठ्यात एक सुटं पान निघालं. रिकामा खुंटा, आणि त्याच्याशेजारी उकिडवे बसलेले नाना. अक्षर एक नाही.

"नाना, हे कुठं घालू?"

"ते अंकातलं न्हाई. गेवराईला धाडायचंय."

"बहिणीला?"

नाना पेन्सिलीला टोक करायला लागले. टोक चांगलं होतं की.

"बहिनीला काय करायचंय, वहिनी? गोठ्यात लाव म्हनावं. कपिलेच्या तोंडासमोर."