दुखणं रजेवर

सोमवारी सकाळी द्वारकाबाई दळे इस्त्रीत कोळसे भरत होत्या, तेव्हा त्यांच्या उजव्या खांद्यातलं दुखणं बाहेर आलं आणि त्याने पंधरा दिवसांची रजा मागितली.

दिसायला ते बेताचंच होतं. अंगाने काळपट, कमरेत जरा वाकलेलं, काखेत एक कापडी पिशवी. ते ओट्याच्या कडेला टेकलं आणि त्याने कपाळ पुसलं. द्वारकाबाईंनी त्याला लगेच ओळखलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"अंगात काही राहिलं नाही आता," दुखणं म्हणालं. "अकरा वर्षं झाली. दिवाळीला रजा नाही, तुमच्या दोन्ही मुलींच्या लग्नात नाही. तुम्ही बाम चोळता तेवढ्यापुरता डोळा लागतो, पण त्याला आराम म्हणत नाहीत. मला गावी जाऊन यायचंय."

द्वारकाबाईंना ते पटलं. त्यांनी स्वतःही अकरा वर्षांत कधी इस्त्री बंद ठेवली नव्हती. "पण तुझं काम कोण बघणार?" त्या म्हणाल्या.

"गुरुवारी माझा रिलीव्हर येईल. तो रुजू झाल्याशिवाय मला जागा सोडता येत नाही." एवढं बोलून ते पुन्हा खांद्यात गेलं, कारण ड्युटी चालू होती. द्वारकाबाईंनी इस्त्री उचलली आणि नेहमीसारखी एक कळ मानेपर्यंत गेली.

हे दुखणं खडकसरच्या नगरपालिकेच्या पायऱ्यांवर लागलेलं होतं. द्वारकाबाईंची वस्ती टेकाडावर. तिथे नळ होते, पण नळाला पाणी नव्हतं. जमिनीला उठाव आहे, पाणी वर चढत नाही, असं पालिकेचे इंजिनियर सांगत. त्याच टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला, वस्तीपेक्षा चांगलं दोन पुरुष उंचावर, पाणीपुरवठा सभापती जगन्नाथराव घोगरे यांचा बंगला होता आणि तिथे पाणी चढत होतं. तेव्हा वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन पालिकेवर गेल्या. पायऱ्यांवरून हलेनात, म्हणून घोगरे स्वतः खाली आले आणि त्यांनी द्वारकाबाईंचा हात धरून मागे पिरगळला. खांद्यात काहीतरी कट् झालं. त्या दिवशी दुखणं रुजू झालं. पाणी काही आलं नाही, दिलासा म्हणून दिवसाआड टँकर सुरू झाला.

गुरुवारी रिलीव्हर आला. गोरा, गुबगुबीत, तेल लावून भांग पाडलेला. चपला दाराबाहेर काढून तो आत आला आणि हात जोडून बसला.

"माझा काही त्रास नसतो," तो म्हणाला. "पावसाळी हवेत थोडा, थंडीत सकाळी जरासा. बाकी वर्षभर मी आहे हेही तुमच्या लक्षात येणार नाही. शेजारच्या हौसाबाईंकडे सहा वर्षं मीच आहे. तुमच्याकडचा अतिरिक्त कार्यभार घ्यायला सांगितलंय. हवं तर त्यांना विचारा."

द्वारकाबाई विचारायला गेल्या. हौसाबाई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. मोर्चाच्या दिवशी त्या द्वारकाबाईंच्या शेजारीच होत्या, आणि पायऱ्यांवरून ढकललं गेल्यावर त्यांचा कोपर मोडला होता.

"घे बाई घे," हौसाबाई म्हणाल्या. "फार गरीब आहे. असून नसल्यासारखं."

"कोपर कसा आहे?"

"कुठला कोपर? हा होय. बरा आहे की."

"कशाने मोडला होता गं तुझा?"

हौसाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि आठवून पाहिलं. "मोरीत घसरले होते ना मी," त्या म्हणाल्या.

"मोरीत? हौसे, पायऱ्यांवर ढकललं तुला. मी तिथेच होते."

"असेल बाई. तू म्हणतेस तर असेल." आणि त्यांनी पुन्हा जुडी हातात घेतली.

द्वारकाबाई तशाच घरी आल्या. रिलीव्हर होता तिथेच बसलेला होता.

"तू चार्ज घेतोस तेव्हा काय काय घेतोस?" त्यांनी विचारलं.

"जागा घेतो. खांदा म्हणजे खांदा, कोपर म्हणजे कोपर."

"आणि कारण?"

"कारणं आमच्याकडे वर्ग होत नाहीत," रिलीव्हर नम्रपणे म्हणाला. "ती जुन्याबरोबर जातात. लोकांना त्यामुळेच बरं वाटतं."

"मग तुला इथे रुजू होता येणार नाही."

"आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही, बाई."

"आज म्हटलं."

रिलीव्हर उठला आणि चपला घालून हौसाबाईंच्या घराकडे निघून गेला.

तो गेल्यावर दुखणं बाहेर आलं आणि ओट्याखाली बसून रडू लागलं. आता आपल्याला कधीच सुटका नाही, असं त्याचं म्हणणं होतं. द्वारकाबाईंनी त्याला पाणी दिलं. टँकरचं होतं, पण गार होतं. त्यांना त्याचा राग येत नव्हता. इतकी वर्षं ते एकटंच पायऱ्यांवरची गोष्ट धरून बसलं होतं, बाकीच्या सगळ्यांनी केव्हाच सोडून दिली होती.

"तुझं नेमकं काम काय असतं?" त्यांनी विचारलं.

"रोज सकाळी तुम्हाला आठवण करून देणं. पायऱ्या, हात, घोगरे, पाणी नाही. या क्रमाने."

"एवढंच? मग ते मी करीन. तुझी रिलीव्हर मी."

दुखण्याने डोळे पुसले. "माणसाला जमत नाही ते," ते म्हणालं. "दुखायचं थांबलं की माणूस विसरतं. सगळी विसरतात."

"सगळी विसरू देत. तू पिशवी भर. गाव कुठलं तुझं?"

दुखण्याचं गाव म्हणजे ते जिथून निघालं ते ठिकाण. ते टेकाडाच्या पलीकडेच होतं, त्यामुळे द्वारकाबाईच त्याला पोचवायला गेल्या.

जगन्नाथराव घोगरे आता सभापती नव्हते, पण बंगला होता आणि बागेत नळी सोडलेली होती. ते झोपाळ्यावर बसून चहा पीत होते.

"नमस्कार साहेब," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमच्याकडचं आहे हे. पंधरा दिवस रजेवर आलंय."

घोगऱ्यांनी चष्मा पुसून दुखण्याकडे पाहिलं. "माझ्याकडचं नाही. मी असलं काही कुणाला दिल्याचं मला आठवत नाही."

"मला आठवतं," दुखणं म्हणालं आणि वाकून त्यांच्या पाया पडलं.

आतून घोगऱ्यांच्या पत्नी आल्या. त्यांनी दुखण्याकडे नीट पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "नाकडोळे तुमच्यासारखेच आहेत," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी घरी आलंय. राहू दे." दुखणं झोपाळ्यावर चढलं आणि घोगऱ्यांच्या उजव्या खांद्यात शिरलं. त्यांच्या हातातला कप कलंडला. द्वारकाबाई "येते" म्हणून निघाल्या.

घरी येऊन त्यांनी हात वर केला. तो कानाच्या वर गेला, डोक्याच्याही वर गेला. अकरा वर्षं काठीने काढत होत्या ते फळीवरचे डबे त्यांनी हाताने खाली काढले, पुसले, परत ठेवले, आणि काही काम नसताना पुन्हा काढले. त्या दिवशी त्या उजव्या कुशीवर झोपल्या. इतकं हलकं वाटणं बरं नव्हे, असं त्यांना झोपेतही वाटत राहिलं.

सकाळी इस्त्री उचलताना त्या मोठ्याने म्हणाल्या, "पायऱ्या. हात. घोगरे. पाणी नाही." दुसऱ्या दिवशीही म्हणाल्या. त्यानंतर टँकर आला त्या दिवशी त्यांचा नंबर लवकर लागला. ड्रायव्हरने काहीतरी गंमत केली, त्या हसल्या, हंडा भरला, आणि घराकडे चालताना त्यांच्या मनात आलं की तसं बरं चाललंय आपलं. पाणी येतं. कोण आणतं, कुठून आणतं, काय करायचंय.

त्या वाटेतच थांबल्या. सकाळी काही म्हटलं होतं का, ते त्यांना आठवेना. हात कुणी धरला होता तेही क्षणभर आठवेना. हातात भरलेला हंडा होता आणि खांदा अगदी शांत होता. द्वारकाबाईंना आयुष्यात इतकी भीती वाटली नव्हती. त्यांनी हंडा खाली ठेवला आणि तिथेच उभं राहून एकेक गोष्ट ओढून काढली. पायऱ्या सापडल्या. हात सापडला. घोगऱ्यांचं नाव यायला फार वेळ लागला.

घरात बसून ही ड्युटी होणार नाही, हे त्यांनी ओळखलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचं टेबल, कोळशाचं पोतं आणि कपड्यांची गाठोडी हातगाडीवर घातली आणि सगळं नगरपालिकेच्या पायऱ्यांवर मांडलं. कपड्यांवर शिंपडायला पाणी पालिकेच्याच बागेतल्या नळाचं घेतलं. गिऱ्हाईकं तिथे येऊ लागली. आलेल्या प्रत्येकाला त्या कपड्यांबरोबर पायऱ्या, हात, घोगरे आणि पाणी नाही हेही सांगत. काही जण थांबून ऐकत, काही जण फक्त शर्ट घेऊन जात.

मुख्याधिकारी देवस्थळे मॅडम खाली आल्या. तरुण होत्या, बोलायला सभ्य होत्या.

"बाई, तुम्हाला काही त्रास होतोय का?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम."

"कुठे दुखतंय?"

"कुठेही नाही."

"मग कसली तक्रार? दुखणं नसेल तर तक्रार घेता येत नाही आम्हाला. दुखणं असलं की त्याला आम्ही दिलासा देतो. नसलेल्याला काय देणार?"

"दिलासा नको. पाणी हवंय. आणि दुखणं आहे, ते रजेवर गेलंय. त्याच्या जागी मी आहे."

देवस्थळे मॅडम विचारात पडल्या. "म्हणजे स्वतःच्या दुखण्याच्या रिलीव्हर तुम्ही स्वतः?"

"हो."

"असं आजवर झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या. मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाल्या, "पण मनाई आहे असंही कुठे वाचल्याचं आठवत नाही." आणि त्या वर गेल्या. त्यांनी शिपायाला टेबल उचलायला पाठवलं. शिपायाने स्वतःच्याच पँटला द्वारकाबाईंकडून इस्त्री करून घेतली, मागची पुढची सगळी हकीकत ऐकली आणि टेबल न उचलता तो परत गेला.

आठवडा गेला. मग एका दुपारी जगन्नाथराव घोगरे रिक्षातून उतरले. उजवा हात गळ्यात अडकवलेला होता.

"बाई, हे घेऊन जा तुझं," ते म्हणाले.

"रजा संपली नाही अजून साहेब."

"रजेवर आहे तर गप्प पडून राहायचं ना. ते मला रोज सकाळी या पायऱ्या दाखवतं. मी तुझा हात धरलाय असं दाखवतं."

"घरी आलेलं माणूस घरातलं काम करतंच," द्वारकाबाई म्हणाल्या. "पाणी द्या वर, म्हणजे त्यालाही सुटका, तुम्हालाही."

"आता माझ्या हातात काय आहे?"

"हातात नसेल. खांद्यात तर आहे."

घोगऱ्यांनी पायऱ्या मोजाव्यात तशा वरपर्यंत नजरेने पाहून घेतल्या, जड पायांनी चढले आणि देवस्थळे मॅडमना भेटले. काय बोलणं झालं ते कळलं नाही. परतताना ते द्वारकाबाईंकडे न बघता गेले. पाणी आलं नाही.

त्यानंतर हौसाबाई आल्या. डोक्यावर रिकामा हंडा होता. त्या टेबलाशेजारी खालच्या पायरीवर बसल्या.

"मोरीत नव्हते घसरले मी," त्या म्हणाल्या.

"नव्हतीस."

"त्या गोऱ्याला घालवून दिलं आज. कोपर अगदी मोकळा आहे, आणि डोकं पेटलंय नुसतं." त्यांनी हंडा पुढ्यात ठेवला. "काय काय म्हणायचं असतं सकाळी?"

द्वारकाबाईंनी सांगितलं. हौसाबाईंनी "हात" काढून "कोपर" घातलं. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या आणखी बायका आल्या, आणि पायऱ्यांवर हंडे इतके झाले की पालिकेत जाणाऱ्यांना पाय कुठे टाकावा ते कळेना.

रजा संपली त्या सकाळी दुखणं परत आलं. वेळेवर आलं. चांगलं सुधारलं होतं, पाठ सरळ झाली होती, चेहऱ्यावर तकतकी होती. घोगऱ्यांच्या पत्नीने वाटेसाठी डबा दिला होता. द्वारकाबाईंसमोर उभं राहून ते म्हणालं, "हजर आहे. आता तुम्ही मोकळ्या."

द्वारकाबाई एका पांढऱ्या शर्टाची कॉलर करत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"पाणी आलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मी कशी मोकळी होणार? ही ड्युटी मी घेतली आहे, ती मी सोडत नाही."

"बाई, असं करता येत नाही. मी परत रुजू झालंच पाहिजे. कुठला ना कुठला खांदा मला लागतो."

"ते बरोबर आहे," द्वारकाबाई म्हणाल्या. इस्त्री उभी करून त्यांनी उजवा हात सरळ वर उचलला आणि पालिकेच्या दाराकडे बोट दाखवलं. "आत जा. पाणीपुरवठा पहिल्या मजल्यावर आहे. तिथे पुष्कळ खांदे मोकळे असतील."

दुखण्याने आत डोकावून पाहिलं. दिवस कामाचा होता, सगळी खुर्च्यांवर बसलेली होती. त्याने पिशवी काखेत नीट धरली, हंड्यांमधून वाट काढत ते वर चढलं, पायपुसण्यावर पाय पुसले आणि आत गेलं.

थोड्या वेळाने वरून कुणीतरी "आई गं" म्हणालं. मग आणखी कुणीतरी. एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि देवस्थळे मॅडमनी खिडकी उघडून खाली पायऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा डावा हात उजव्या खांद्यावर होता.

हौसाबाईंनी वर बघून त्यांना नमस्कार केला. द्वारकाबाईंनी शर्टावर पाणी शिंपडलं आणि बाही पसरली.