आबांसाठी लावलेलं कुलूप

‘आबा, आवाज जरा कमी करा’ एवढं तोंडावर सांगायची धवलची छाती नव्हती. आबा, म्हणजे त्याचे वडील लालासाहेब, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. धवल चौतिशीला पोचला तरी त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवरच बसायचा. त्यामुळे आबांच्या मोबाईलवरच्या कुस्त्या बंद पाडायला त्यानं रविवारी संध्याकाळी गुपचूप राउटरमध्ये शिरून लहान मुलांसाठीचं कुलूप लावलं. घरातून कुठल्याही साइटचं नाव विचारलं, की पत्ता सांगायचा की नाही, ते आता कुलूप ठरवणार. (इंजिनिअर माणूस! बोलायचं सोडून सगळं येतं.)

सोमवारी सकाळी माडीवर कुस्ती जोरात चालू. ‘कुलूप काही लागलेलं दिसत नाही,’ म्हणून धवल ते विसरूनही गेला आणि कामाला बसला. अकरा वाजता पुण्याच्या साहेबांपुढं प्रेझेंटेशन होतं. ते नीट झालं तर गावाकडून, आष्ट्यातूनच काम करायची परवानगी कायम, नाहीतर बाडबिस्तरा उचलून पुन्हा पुण्याची खोली.

आणि नेमकं कंपनीचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या कामात शिरायची खासगी वाट, जोडेना. ‘सर्व्हर सापडत नाही.’ पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बाकी नेट सुसाट. बातम्या दिसत होत्या, सांगलीच्या हळदीचा भावसुद्धा दिसत होता.

“दीपे, मिक्सर बंद कर! व्हीपीएन तुटतंय!”

“आवं, मिक्सर कालपास्नं बंदच हाय,” बायको दीपमाला म्हणाली. “तुमीच दुरुस्त करणार हुता.”

मग धवलनं इंटरनेटवाल्या नानासोला फोन केला. “तुझ्या वायरीतच बिघाड हाय. सगळी वायर बदल!” (नानासो एरवी आठवडाभर फिरकत नसे. आज लगेच आला आणि खांबावर चढला.)

तरी धीर निघेना, म्हणून कंपनीच्या हेल्पडेस्कला फोन. गडबडीत फोन स्पीकरवर गेला. पलीकडं साक्षी नावाची मुलगी होती. तिनं काहीबाही टाइप करायला लावलं आणि म्हणाली, “सर, नेट ठीक आहे. पण कंपनीचं नाव विचारलं, की तुमचा राउटर पत्ता सांगायलाच तयार नाही. लहान मुलांचं कुलूप लावलं की व्हीपीएनही चोरवाट समजून बंद होतं. घरात लहान मूल आहे का?”

“हाय की,” दीपमाला मागून म्हणाली. “चौतीस वर्सांचं.”

माडीवरून उतरलेल्या आबांनी हे सगळं ऐकलं. “कुलूप कुणासाठी रं?”

“आपलं... सहज, आबा.”

“मी तर माझ्या शिमच्या नेटवर बघतो. तुझं वायफाय माडीवर येतंय कुठं?”

धवलनं घाईघाईनं कुलूप काढलं. तेवढ्यात राउटरवर लाल दिवा लागला. खांबावरून नानासो ओरडला, “दादा, जुनी वायर तोडली बगा! नवी सांगलीस्नं आणतो, दुपारपतूर!”

अकरा वाजत आले होते आणि घरात वायफाय म्हणून धवलनं स्वतःच्या फोनवर नेटपॅक कधी मारलाच नव्हता. धवलनं आबांपुढं हात जोडले. आबांनी हॉटस्पॉट दिला, पण फोन काही हातातून सोडला नाही. खुर्ची ओढून शेजारीच बसले आणि त्यांनी धवलचं अख्खं प्रेझेंटेशन पाहिलं, तक्ता न् तक्ता. शेवटचा तक्ता संपताच म्हणाले, “एवढंच? ह्याच्यापायी पगार देत्यात व्हय रं तुला?”

माइक चालू होता.

धवल माइकचं बटण शोधू लागला. पुण्याहून साहेब म्हणाले, “धवल, परवानगी कायम. तू आष्ट्यातच राहा. आणि काका, तुमचा हा प्रश्न मी वर्षभर विचारीन म्हणत होतो, जीभ रेटत नव्हती. दर सोमवारी मीटिंगला बसत चला.”

“बसतो की,” आबा म्हणाले. “घरातच हाय, लक्ष ठेवतो.”